कंदीलवाल्या म्हाताऱ्याचं स्वप्न

बुलढाणा हे कोर्टाचं, कचेऱ्यांचं आणि कॉलेजांचं गाव. इथे माणूस नोकरीतून सुटला की त्याला ऐकणारं कोणीतरी लागतंच. कोणी ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर राजकारण करतो, कोणी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या फुकट वाटतो. आमच्या कॉलनीतले मराठीचे एक प्राध्यापक निवृत्त झाले आणि त्यांनी लोकांना आदिबंध वाटायला सुरुवात केली.

आदिबंध म्हणजे काय हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आपल्या मनाचा एक भाग आपल्याला स्वतःलाही ठाऊक नसतो, ती नेणीव. तिच्याही खाली आणखी एक थर असतो. तो कोणा एकाचा नसतो, सगळ्या माणसांचा मिळून असतो, ती सामूहिक नेणीव. तिथे फार जुन्या काळापासून काही आकृत्या बसलेल्या असतात. आई, नायक, ज्ञानी म्हातारा, छाया. त्याच आपल्या स्वप्नांत, कहाण्यांत, देवादिकांत पुन्हा पुन्हा येतात. कोणा परदेशी मानसतज्ज्ञाने हे मांडलं. कल्पना म्हणून मला ती वाईट वाटली नाही. वाईट वाटलं ते त्या तज्ज्ञाबद्दल, कारण त्याची सगळ्या हयातीची मेहनत आमच्या सरांच्या हाती लागली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सरांच्या घरी दर रविवारी भरणाऱ्या स्वप्नांच्या सभेला जाण्याचं मला काही कारण नव्हतं. मी जायची ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताईचे यजमान, आमचे भाऊजी, अचानक गेले. मुलं पुण्याला. ताई दिवसदिवस पडदे लावून बसायची. शेजारच्या वकिलांनी तिला सांगितलं की रविवारी सरांकडे चला, मन मोकळं होतं. ताई एकटी जायला बुजली, म्हणून मी सोबत.

सर वेताच्या खुर्चीत बसत आणि बाकीचे सतरंजीवर. ते मूळचे आमच्याच भागातले, पण शिकायला दोन वर्षं पुण्यात काय काढली, तेव्हापासून त्यांच्या जिभेला वऱ्हाडी सहन होत नाही. नवा माणूस आला की ते डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत आणि मग जाहीर करत की या माणसात कोणता आदिबंध प्रबळ आहे. वकिलांना त्यांनी नायक ठरवलं होतं. हे वकील जन्मभर तारखा मागण्यापलीकडे काही करू शकले नव्हते, पण त्या दिवसापासून ते छाती काढून चालायला लागले. ताईकडे बघून सर म्हणाले, "महामाता. साक्षात पोषण करणारी शक्ती." आणि पुढच्या रविवारपासून ताई सगळ्या मंडळींसाठी डबा भरून न्यायला लागली. कधी आलुबोंडे, कधी शेवभाजी आणि पोळ्या, कधी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. सर दोन बोटांनी ठेचा चाटत म्हणायचे, "माते, तुमच्या हातात आदिमाया आहे."

माझ्याकडे त्यांनी फार वेळ बघितलं नाही. "तुम्ही छाया," म्हणाले. छाया म्हणजे मनाचा तो काळा भाग, जो माणूस स्वतःत बघत नाही आणि दुसऱ्यांत शोधत बसतो. मी विचारलं, "हे तुम्ही कशावरून ठरवलं?" तर म्हणाले, "हा प्रश्नच छायेचा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायची यापेक्षा स्वस्त युक्ती मी शाळेच्या स्टाफरूममध्येही पाहिलेली नाही.

सरांच्या बायकोला मात्र कुठलाच आदिबंध मिळाला नव्हता. आम्ही तिला काकू म्हणायचो. बुलढाणा घाटाच्या माथ्यावर, आणि काकू घाटाखालच्या, मोताळ्याकडच्या एका खेड्यातल्या. ताई यायला लागण्याआधी चहा आणि पोहे त्यांच्याकडे होते, ताई आल्यावर नुसता चहा उरला. ट्रे ठेवून त्या आत जात आणि दार ओढून घेत. सभेतल्या कोणी कधी "बसा ना काकू" म्हटल्याचं मला आठवत नाही.

थंडीचे दिवस होते. सरांच्या मनात आलं की मंडळाने लोणारला जायचं. भाड्याची क्रूझर गाडी ठरली, काकूंना कोणी विचारलं नाही. मेहकरपर्यंत सर एकटे बोलत होते. लोणारचं विवर म्हणजे पृथ्वीच्या मनाला पडलेलं खोल छिद्र, त्यात उतरणं म्हणजे नेणिवेत उतरणं, असं काय काय. ड्रायव्हरने मध्येच विचारलं, "साहेब, चहाले थांबाचं का?" तेव्हा कुठे पंधरा मिनिटं शांतता मिळाली.

आम्ही विवरात उतरलो. मी तरी पायऱ्याच उतरत होते, बाजूला कुरकुऱ्यांची पाकिटं पडलेली होती, आणि खालून तळ्याचा उग्र वास येत होता. ताईच्या खांद्यावर भाकरीची पिशवी. नायक वकील मोकळ्या हातांनी पुढे. मी पिशवीचा एक बंद धरला तर ताई म्हणाली, "राहू दे, सवय हाय मले." झाडीत वांदरं होती, ती आमच्याकडे बघत होती, आणि आमच्यापेक्षा ती जास्त समजूतदार दिसत होती.

खाली एका पडक्या देवळाच्या ओट्यावर बसलो. सरांनी सांगितलं की प्रत्येकाने आपलं स्वप्न सांगायचं. सुरुवात त्यांनी स्वतःच केली. हे स्वप्न ते पूर्वीही तुकड्यातुकड्याने सांगत, पण त्या दिवशी सबंध सांगितलं. तरुणपणी एका पहाटे त्यांना दिसलं की काळोखात घाट चढून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो आहे. हातात कंदील. तो दारात उभा राहतो, कंदील सरांच्या हातात देतो आणि म्हणतो, "आता तू." सर म्हणाले, "हा ज्ञानवृद्धाचा आदिबंध. हजारो वर्षांपासून तो योग्य माणसाच्या शोधात असतो." वकिलांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी तळ्याकडे बघत बसले, कारण सरांकडे बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं.

मग ताईची पाळी आली. ती इतके महिने कधी काही बोलली नव्हती. पदराशी चाळा करत म्हणाली, "मले आमचे हे दिसतात. पलंगावर बसलेले असतात, बूट घालून. पेरू खात असतात. काही बोलत नाहीत."

सर लगेच सरसावले. "पाहा! हे तुमचे यजमान नव्हेत. हा स्त्रीच्या मनातला पुरुषतत्त्वाचा आदिबंध आहे. बूट म्हणजे प्रवास. पेरू म्हणजे बीज, सृजन."

"नाही सर," ताई म्हणाली, "त्याइले पेरू आवडायचा."

"आवड हा वरचा थर झाला, माते. खाली जा."

"ते मीठ लावून खायचे. तसंच खात होते."

"मीठ! मीठ म्हणजे अश्रू." सर मंडळींकडे वळले. "बघा, स्वप्न कसं उलगडतं आहे."

ताईने मान खाली घातली. तिचा नवरा आत्ता आत्ता तिच्या बोलण्यात जिवंत होऊन पलंगावर बसला होता, आणि या माणसाने त्याला उठवून तिथे पुरुषतत्त्व बसवलं. सगळे भाकरी खायला लागले. ताईने कोणाला वाढलं नाही. पिशवी मध्ये ठेवली आणि जाऊन एका दगडावर बसली. परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. सर चढ चढून इतके दमले होते की तेही गप्प होते, तेवढाच नेणिवेचा फायदा.

त्यानंतर ताई रविवारी गेली नाही. एकदा नाही, दोनदा नाही. वकील विचारायला आले तर दारातूनच म्हणाली, "गुडघे दुखून राह्यले." मग एका दुपारी काकू आल्या. ताईचा एक स्टीलचा डबा त्यांच्याकडे राहिला होता, तो द्यायला. मी तिथेच होते, शाळेला सुटी होती. ताईने त्यांना आत बसवलं. काकू आधी खुर्चीच्या काठावर बसल्या, मग मागे टेकल्या.

"तुम्ही येणं काऊन बंद केलं?" त्यांनी विचारलं.

ताईने लोणारचं सांगितलं. पेरूचं, मिठाचं. काकू ऐकत होत्या. ताईने पुढे सहज म्हटलं, "सरांचं स्वप्न मोठं होतं काकू. आपल्याले तसं कुठं पडते? घाटातून कंदील घेऊन म्हातारा आला म्हणे."

काकूंचा हात डब्यावर होता, तो तिथेच राहिला. "घाटातून?"

"हो. पांढऱ्या दाढीचा."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "माह्या बाबाले दाढी नव्हती."

आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. नवीन लग्न झालेलं. घाटाखाली गावात वडील आजारी पडले. निरोप आला. सर तेव्हा पेपर तपासत होते, म्हणाले, हे संपलं की जाऊ. पेपर संपायच्या आत वडील गेले. त्यानंतर काही दिवसांनी काकूंना स्वप्न पडलं. वडील काळोखात घाट चढून येत होते. हातात कंदील, कारण कांद्याला पाणी द्यायला ते रात्रीचे कंदील घेऊनच वावरात जायचे. धाप लागलेली. दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चाल बाई."

"मी रडत रडत उठली," काकू म्हणाल्या, "अन् याइले सांगतलं. दुसरं कोण होतं सांगाले?"

ताईने पदर तोंडाशी नेला. मला मात्र राग आला आणि रागाच्याही आधी किळस आली. बापाच्या मरणाला बायकोला जाऊ दिलं नाही, ते एक. मग तो बाप तिच्या स्वप्नात आला, तर त्याला दाढी चिकटवून आपला ज्ञानवृद्ध केला, आणि त्याच्या तोंडचे शब्द काढून त्यात स्वतःची नेमणूक घातली. इतकी वर्षं तो हे लोकांना सांगत होता आणि ही बाई ओढलेल्या दाराच्या मागे त्यांच्यासाठी चहा गाळत होती.

"काकू, तुम्हाला ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"मी आत टीव्ही लावून बसते. त्याइचं कोण ऐकते?"

पुढच्या रविवारी मी मंडळी जमायच्या आधी सरांकडे गेले. ताईला सांगितलं नाही. काकू स्वयंपाकघरात होत्या.

"या, छाया," सर म्हणाले.

"सर, ते कंदिलाचं स्वप्न. काकूंनाही तेच पडलं होतं म्हणे. आणि त्यात त्यांचे वडील होते."

मला वाटलं होतं ते दचकतील, निदान आवाज चढवतील. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा झब्ब्याच्या टोकाने पुसला आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका, म्हणून तुम्हाला मालकीची भाषा समजते. आदिबंध कोणाच्या मालकीचा नसतो. सामूहिक नेणीव म्हणजे तरी काय? तिला ती प्रतिमा दिसली, पण कळली का? ती नुसती रडत होती. त्या प्रतिमेला अर्थ मी दिला."

"आणि दाढी?"

"काय?"

"काकूंच्या वडिलांना दाढी नव्हती."

"दाढी ही आदिबंधाची गरज होती," सर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी थट्टेत म्हटलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. माणूस खोटं बोलताना कुठेतरी हलतो, हे हलले नाहीत. त्यांचा त्यावर विश्वास होता. चोर तरी परवडतो, त्याला निदान आपण चोर असल्याचं माहीत असतं.

"मग सर, नेणीव सामूहिक आहे, तर चहाही सामूहिक करा," मी म्हटलं. "उठा, आधण ठेवा."

त्यांनी आत बघून हाक मारली, "अगं, मॅडमना पाणी दे."

काकू पाणी घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही, पेला ठेवला आणि गेल्या. मी पाणी न पिता उठले. फाटकाशी वकील भेटले, म्हणाले, "निघालात? आज मुखवट्याचा आदिबंध आहे." मी म्हटलं, "तो मी आत्ताच पाहून आले."

ताईला कळलं तेव्हा ती माझ्यावरच चिडली. "तुले कोणं सांगतलं होतं भांडाले? त्या बाईले त्या घरात राहाचं हाय." मला वाटलं आता काकूंचं येणं बंद होईल. पण त्या आल्या, आणि तेही दोन दिवसांतच. ताईने घाबरत विचारलं, "सर काही बोलले का?" काकू म्हणाल्या, "बोलणंच बंद केलं त्याइनं. लय शांत हाय घर."

त्या मग येतच राहिल्या. दुपारी सर झोपले की यायच्या. ताई आणि त्या स्वप्नंच सांगायच्या एकमेकींना, पण अर्थ कोणी काढायचा नाही. भाऊजी पुन्हा पलंगावर बसायला लागले. काकू विचारायच्या, "आज काय खात होते?" आणि ताई सांगायची. मला हा प्रकारही मूर्खपणाचाच वाटायचा. मेलेली माणसं काय खातात याची चर्चा दोन शहाण्या बायकांनी रोज करावी? पण ताईच्या खोलीचे पडदे उघडे असायचे, हे मला नाकारता येत नाही. ताईने तर वाचनालयातून त्या परदेशी तज्ज्ञावरचं एक मराठी पुस्तक आणलं आणि चष्मा लावून चिकाटीने वाचलं. मला म्हणाली, "हा माणूस बरा दिसते. ज्याले स्वप्न पडलं त्यालेच आधी इचारा म्हणते. फक्त लय बोलते."

म्हणजे सरांनी ते पुस्तकही वाचलं नव्हतं, किंवा वाचून त्यांच्या डोक्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

उन्हाळ्यात सरांच्या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. एका छोट्या हॉलमध्ये, समई, हारतुरे, सगळं साग्रसंगीत. मुखपृष्ठावर ड्रॉइंग मास्तरांनी काढलेला दाढीवाला म्हातारा, आणि त्याच्या हातात कंदील. पहिलं प्रकरण तेच. वकिलांनी भाषणात सरांना घाटावरचा दीपस्तंभ म्हटलं. घाटावर दीपस्तंभ कोण बांधतो, हे कोणी विचारलं नाही. मग सूत्रसंचालकाला आठवलं की सरांच्या यशामागे कोणीतरी असणार, आणि काकूंना स्टेजवर बोलावलं. शाल, नारळ. "काकू, दोन शब्द बोला."

मी ताईचा हात धरला. सरांच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसला, आणि तो नुसता उन्हाळ्याचा नव्हता. काकू माइकजवळ गेल्या, हॉलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तो पुढचा पंखा बंद करा कोणी. समई विझून राह्यली." आणि खाली उतरल्या. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सर रुमालाने कपाळ पुसत सगळ्यांत मोठ्याने हसले.

मला इतका संताप आला की जेवणाला न थांबता मी बाहेर पडले. ताई आणि काकू मागून आल्या. तिघी पायीच निघालो.

"काकू, एवढा मौका होता," मी म्हटलं. "सगळं गाव समोर होतं. काऊन नाही बोललात?"

"काय बोलू मॅडम? त्याइच्यापाशी अर्धंच हाय."

"म्हणजे?"

"बाबा दारात आले अन् चाल बाई म्हणे, तेवढंच सांगतलं म्या. तेवढ्यात हे कागद घेऊन लेहाले बसले. मी पुढचं सांगाले गेली, तर म्हणे थांब, माही लिंक तुटते. मंग कधी इचारलंच नाही. म्याही नाही सांगतलं."

"पुढे काय झालं स्वप्नात?"

काकूंनी ताईकडे बघितलं. ताईने पदर सावरला आणि म्हणाली, "रस्ता पाह्य, गिट्टी टाकली हाय." तेव्हा मला समजलं की ताईला ते पुढचं ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "तुले सांगून काय करू? तू हासशील."

"मी काकूंना कधी हसले?"

"काकूले नाही. पण तुह्या तोंडावर ते असतेच."

मी आरशात बघायला गेले नाही. सरांसारख्या माणसाला बघून तोंड वाकडं होत असेल तर तोंडाचा दोष नाही, असं मी तिला सांगितलं, आणि आजही माझं तेच म्हणणं आहे. सरांची सभा चालूच आहे. आता ते मातेच्या आदिबंधावर पुस्तिका काढणार आहेत म्हणे, आणि डबा आणायला त्यांना बालवाडीतल्या एक बाई मिळाल्या आहेत.

ताईकडे आता दुपारच्या आणखी दोघीचौघी येतात. मी आत गेले की चाललेलं वाक्य संपवतात आणि मग कोथिंबिरीच्या भावावर बोलायला लागतात. परवा मी ताईला पुन्हा विचारलं. ती मेथी निवडत बसली होती, शेजारी काकू. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग ताईने अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बस. निवडू लाग." मी बसले.